अत्तेंनी उदक सोडलं

अत्तेंनी आपलं उरलेलं आयुष्य माझ्या नवऱ्याला देऊन टाकलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून इडली खात होते. तंजावरच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्च्यांवर, भर दुपारी. त्यांनी माझ्याकडची पाण्याची बाटली मागून घेतली, उजव्या तळहातावर थोडं पाणी ओतलं, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि ते पाणी बोटांवरून खाली फरशीवर सोडलं. समोरून फरशी पुसत येणाऱ्या बाईने आधी पाण्याकडे पाहिलं, मग अत्तेंकडे पाहिलं आणि पुसून घेतलं.

"दिल्हें," अत्ते म्हणाल्या. "माझं जें काय शेष आहे तें पोराला दिल्हें."

"बरं," मी म्हणाले आणि चटणीची पुडी सोडली.

अत्ते म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. ऐन तारुण्यात नवरा गेला तशा त्या कुंभकोणमला भावाच्या घरी परत आल्या. पुढे भावजय गेली, मागे हा एवढासा मुलगा राहिला. त्याला त्यांनीच वाढवलं. आता त्या सत्तरी ओलांडून बऱ्याच पुढे आल्यात आणि तो पन्नाशी उलटलेला, पितळी भांड्यांच्या दुकानाचा मालक, टक्कल पडलेला गृहस्थ आहे. अत्तेंच्या लेखी तो अजून 'पोर'च.

मी सोलापूरची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा यांचं मराठी ऐकून मला वाटलं, ही माणसं एखाद्या बखरीतून उठून आलीत. तंजावरच्या मराठा राजांच्या मागोमाग यांचे पूर्वज इकडे आले आणि त्यांच्याबरोबर आलेली भाषा तेव्हापासून घराबाहेर पडलीच नाही. उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ. आता इतक्या वर्षांनी उलट झालंय. सोलापूरला गेले की तिकडचीच माणसं फार घाईत बोलतात असं वाटतं.

त्या 'बरं'बद्दल सांगायचं तर, मी विमा विकते. लोक माझ्यासमोर स्वतःच्या मरणाबद्दल नेहमीच बोलतात. कोणी हसून बोलतं, कोणी लाकडाला हात लावून बोलतं, आणि मी दर वेळी 'बरं' म्हणते. शिवाय तेव्हा नवऱ्याला डेंगू झाला होता, प्लेटलेट खाली खाली जात होत्या, पोटात पाणी झालं होतं आणि तो शुद्धीवर नव्हता. म्हाताऱ्या माणसाने काळजीपोटी काही म्हटलं तर त्यावर वाद घालायची ती वेळ नव्हती. मला भूक लागली होती, आणि कोणीतरी एकाने तरी धड खाल्लेलं असणं गरजेचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून प्लेटलेट वर यायला लागल्या.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अत्तेंनी माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं. मी डॉक्टरांकडे पाहत होते. श्रेयाच्या वाटणीत मी पडत नाही. डॉक्टर होते, नर्स होत्या, सलाईन होतं, विठ्ठल असेल तर तोही होता. माणूस घरी आला, भात मागायला लागला, विषय संपला.

माझ्यापुरता संपला. पोंगल झाला, थंडी म्हणतात तसली जी काही इथे पडते ती पडून गेली, आणि अत्तेंचे पाय सुजायला लागले. स्वयंपाकघरातून मागच्या कोल्लईत, म्हणजे परसात, उतरायला दोन पायऱ्या आहेत. त्या उतरून केळीपाशी पोचल्या की अत्ते विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्या राहत. विचारलं तर म्हणत, "केळफूल बघते."

त्यांना रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. दर रविवारी मी गोळ्यांचा कप्प्याकप्प्यांचा प्लास्टिकचा डबा भरून त्यांच्या पलंगाशी ठेवते. दर रविवारी तो रिकामा मिळत होता. म्हणून मी समजले की गोळ्या आता पुऱ्या पडत नाहीत, आणि त्यांना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी छाती तपासली, घोट्यावर अंगठा दाबला, खड्डा तसाच राहिलेला पाहिला आणि तमिळमध्ये सरळ विचारलं, "आजी, गोळ्या घेता का?"

"नाही," अत्ते म्हणाल्या.

मी म्हटलं, "अत्ते, मग डबा रिकामा कसा असतो?"

"तूं डबा बघतेस. मला कधी विचारलंस?"

अत्ते खोटं बोलत नाहीत. विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. गोळ्या त्यांनी लोणच्याच्या एका जुन्या बरणीत साठवल्या होत्या, कारण औषध फेकणं त्यांना पाप वाटतं. कोणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग अत्तेंसमोरच मला सांगितलं की हृदय थकलेलं आहे, गोळ्या घेतल्या तर चांगली काही वर्षं निघतील, नाही घेतल्या तर हा उन्हाळा निघणार नाही. अत्तेंनी, गाडी किती वाजता सुटते ते कळल्यासारखी मान हलवली.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं. या वेळी नीट विचारलं.

"का घेत नाही?"

"माझं नव्हे तें आता. तुझ्यासमोर उदक सोडलं नव्हतं का?"

मला आठवायला जरा वेळ लागला. इडली आधी आठवली.

"अत्ते, ते तुम्ही मनापासून दिलंत. झालं की. तो बरा झाला."

"बरा झाला म्हणूनच तर. न होता तर देवानं घेतलं नाही असं म्हटलं असतं. त्यानं घेतलं. आता मी औषध खाऊन तीच वर्षं इकडे ओढायची? दान दिलेली गाय पहाटे जाऊन गुपचूप दोहायची का?"

"औषध टाळून मरणं म्हणजे आत्महत्या आहे."

"आत्महत्या माणूस रागानं करतो, नाहीतर दुःखानं. मला राग कुठे आहे? मी काल तुला बोळी करून वाढली." पुरणाच्या तळहाताएवढ्या गोड पोळ्या. खरं होतं, वाढल्या होत्या.

"न्यायचं असेल तर देव गोळी घेतली तरी नेईल."

"नेईल. पण कोणाला घरी बोलवायचं आणि आपण दार लावून बसायचं, ही कुठली रीत? तुमच्या सोलापुरात असेल."

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण सासू-सुनेचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. त्या माझ्या सासू नाहीत, हे त्याला कोण सांगणार.

मी व्यवहारी बाई आहे. समोरच्याचा मुद्दा श्रद्धेचा असेल तर त्या श्रद्धेच्याच नियमांत पळवाट शोधायची, हे मला विम्याच्या धंद्याने शिकवलंय. मी आमच्या वाध्यारांकडे गेले. वाध्यार म्हणजे इकडचे भटजी. हे आमच्या घरची सगळी कार्यं करतात. मी त्यांना नाव न घेता विचारलं, समजा एखाद्या बाईने असं असं दान केलं तर ते लागू होतं का. त्यांनी पान चघळत डोळे मिटले. असा प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नसावा, त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

"संकल्पात देशकाल म्हटला का?"

"ओठ हलत होते. म्हटला असेल."

"घेणाऱ्याच्या हातावर पाणी पडलं?"

"तो आत बेशुद्ध होता."

"त्याच्या वतीने कोणी हो म्हटलं?"

मला रुग्णालयातलं माझं 'बरं' आठवलं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

"आणि दक्षिणा?" त्यांनी डोळे उघडले. "दक्षिणेशिवाय दान निष्फळ. ते झालंच नाही म्हणून समजा."

मी जवळजवळ पळतच घरी आले. अत्ते कोल्लईत मोरपाण्याच्या, म्हणजे ताकात मुरवलेल्या, मिरच्या उन्हात घालत होत्या. म्हटलं, वाध्यारांनी सांगितलंय, दक्षिणा नव्हती, दान झालंच नाही, सगळं रद्द. चला, गोळी घ्या.

अत्तेंनी हातातली मिरची खाली ठेवली. "होय की," त्या म्हणाल्या. "राहिलंच."

त्या आत गेल्या. देवाच्या फळीवरून विड्याचं पान घेतलं, त्यावर सुपारी आणि एक नाणं ठेवलं आणि ओसरीवर तमिळ पेपर वाचत बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या हातावर ते ठेवलं. त्याने पेपरातून डोळे न काढता घेतलं. अत्तेंच्या हातून येणारी वस्तू तो जन्मापासून न बघता घेत आलाय. भात असो, कडू काढा असो, की शाळेची फी असो.

"हें कशाचं?" त्याने मागाहून विचारलं.

"बायकोला विचार तुझ्या," अत्ते म्हणाल्या आणि परत मिरच्यांकडे गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं. एक राहिलेलं काम माझ्यामुळे पुरं झालं होतं.

तर त्याला सांगावं लागलं. तोवर मी सांगितलं नव्हतं, कारण आजारातून उठलेल्या माणसाला असलं काही सांगू नये. आधी तो हसला. पोट धरून हसला. म्हणाला, ही बाई एक दिवस देवालाही हिशोब मागेल. मग मी डॉक्टरीणबाईंचं उन्हाळ्याचं बोलणं सांगितलं. त्याने पानावरचं नाणं उचललं आणि कुठे ठेवावं ते न कळून बराच वेळ हातातच धरून ठेवलं.

मग तो बोलायला गेला. मी दाराआड उभी राहून ऐकलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"अत्ते, तूं मला दिलंस ना? मग तें माझं झालं."

"झालं."

"माझ्या वस्तूचं मी काय वाटेल तें करीन. मी तें तुला देतो. घे."

"दिलेलं परत घेणारा पुढच्या जन्मी सरडा होतो आणि कोरड्या विहिरीत पडतो."

"आपली विहीर कोरडी नाही."

"चेष्टा करूं नको. तुला कळत नाही."

"मला कोणी विचारलं होतं का? मी बेशुद्ध होतो."

"तूं जन्मलास तेव्हां तरी तुला कोणी विचारलं?" अत्ते म्हणाल्या. "जा. दुकान उघड."

तो दुकान उघडायला गेला. त्याच्या जागी मीही गेले असते.

त्या दिवसांत मी या गोष्टीचा बराच विचार केला, बहुतेक वेळा स्कूटरवर. कोणीतरी पुराच्या पाण्यात उडी टाकतं आणि दुसऱ्याचं मूल बाहेर काढून स्वतः वाहून जातं. अशा माणसाबद्दल ऐकलं की आपण गप्प होतो. तिथे मन विचारत नाही, हात पुढे होतो. त्या उडीला मी नावं ठेवणार नाही. पण अत्तेंची उडी अशी नव्हती. ती रोज सकाळी नाश्त्यानंतर, शांतपणे, दोन गोळ्या बरणीत टाकून चालली होती. आणि ज्याला वाचवायचं तो आधीच काठावर बसून इडली-सांबार खात होता. मला ते वाया जाणं वाटत होतं. त्यांना ते शब्द पाळणं वाटत होतं. दोघींपैकी कोणी मूर्ख नव्हतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

दुसरंही एक मनात यायचं. त्यांनी आयुष्य दिलंच होतं की, कधीच, पाणी न सोडता. त्यांच्या सासरी दीर चांगला होता, जमीन होती, परत बोलावणं आलं होतं. गेल्या नाहीत, कारण इथे पोराला गोवर आला होता. गोवर गेला तरी गेल्या नाहीत. याला कोणी त्याग म्हटलं नाही, कारण त्यात मरण नव्हतं. रोज उठायचं, दळायचं, पोराला ओरडायचं, एवढंच होतं. माणसं जीव देण्याला मोठं म्हणतात, आणि जीव दिवसादिवसाने देणाऱ्याला म्हणतात, 'घरीच असते ती.'

मी तरी काय केलं असतं? मी त्या खुर्चीवर बसले होते तेव्हा माझ्या मनात हे आलंही नव्हतं. रक्त दिलं असतं. मूत्रपिंड लागलं असतं तर बहुधा दिलं असतं, आधी तपासण्या करून. आयुष्य दिलं नसतं. माझी मुलगी शिकत होती, दुकान होतं, अत्ते होत्या. हे मी नवऱ्याला सांगितलंय. तो म्हणाला, मलाही ते नको होतं. आमचं लग्न या अशा बोलण्यांवर टिकलंय.

विम्यात एक वारसदार असतो. पॉलिसी घेणारा त्याचं नाव लावतो. त्याला विचारावंच लागतं असं नाही. मला ती नेहमी सोय वाटत आली होती. पण आता माझ्याच घरात एक वारसदार फिरत होता आणि तो दिवसेंदिवस खराब दिसायला लागला होता.

सकाळी उठला की तो आधी अत्तेंच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राही. पांघरूण वरखाली होतंय का ते बघे. दिसलं की मग तोंड धुवायला जाई. दुकानातून दुपारी फोन करी, "कॉफी घेतली का तिनं?" म्हणे. कॉफीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, फोन उचलला गेला पाहिजे होता. अत्ते वाढायला आल्या की चार घास जास्त जेवे आणि मागे पित्ताची गोळी घेई. आजारात उतरलं होतं ते वजन भरून यायच्या ऐवजी आणखी उतरलं. एकदा मी म्हटलं, तुम्हाला दिलेली वर्षं तुम्ही अशी पहारा देण्यात घालवणार का? तो म्हणाला, "मग काय, ती जाताना बघत मजा करूं?"

तिरुनीलक्कुडीला जायचं राहिलं होतं. नवऱ्याला ताप भरला तेव्हाच, अजून डेंगू कळलाही नव्हता, अत्तेंनी तिथल्या शंकराला तेल बोलून ठेवलं होतं. तो साधा नवस होता, चारचौघांसारखा. उन्हाळा लागायच्या आत तो फेडायचा म्हणून त्या मागे लागल्या. का घाई होती ते आम्हा दोघांना कळत होतं. घाण्याचं तिळाचं तेल डब्यात घेतलं आणि आम्ही तिघं गाडीने निघालो. भात कापून गेला होता, त्याच रानांत उडीद उगवून आला होता. अत्ते पुढच्या सीटवर खिडकीच्या काचेला नाक लावून बसल्या होत्या आणि कोणाचा उडीद चांगला, कोणाचा दाट झालाय, ते सांगत होत्या.

देवळात गर्दी नव्हती. गुरुक्कळांनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, तेल घेतलं आणि पिंडीवर धार धरली. तिथे तेल वाहून जात नाही, पिंडच पिते, असं म्हणतात. मी नीट पाहिलं. निदान आमच्या डोळ्यांदेखत तरी खाली फार थोडं आलं. धार धरता धरता गुरुक्कळ सगळ्यांना सांगतात ती गोष्ट सांगत होते. समुद्रातून विष निघालं, जग जळायला लागलं, देवाने ते पिऊन टाकलं. देवीने धावत येऊन त्याचा गळा धरला, विष तिथेच थांबलं. त्या गळ्याला थंडावा म्हणून हे तेल.

"रोज घालता?" मी विचारलं.

"रोज. चुकवत नाही," ते म्हणाले.

मी अत्तेंकडे वळले आणि मराठीत म्हटलं, "बघा. जगासाठी विष प्यायला, तरी रोजचं औषध घेतोय बिचारा. बरणीत साठवत नाही."

नवऱ्याने हसू दाबायला पंचा तोंडाला लावला. अत्तेंनी पिंडीवरची नजर हलवली नाही.

"तो देव आहे," त्या म्हणाल्या. "त्याला मरण कुठे होतं? ज्याला मरण नाही त्यानं विष प्यालं, त्यांत काय मोठं?"

गाभाऱ्याच्या दारात उभं राहून हे. गुरुक्कळांना मराठी येत नाही हे नशीब. ते हसून मान डोलावत होते.

"मरण नव्हतं तर मग बायकोने गळा का धरला?" मी विचारलं.

"भ्याली असेल."

"तो मरणार नाही हे तिला माहीत नव्हतं?"

"माहीत असून काय होतंय? घरांत राहायचं तिला होतं. बघायचं तिला होतं." एवढं बोलून त्या थांबल्या. स्वतःचंच बोलणं त्यांना ऐकू आलेलं असावं.

माझा नवरा त्यांच्या मागे उभा होता. पायरीवर तेल सांडलेलं होतं, म्हणून एक हात त्याने त्यांच्या कोपराखाली, न लागता, धरून ठेवला होता. गेले कित्येक दिवस तो असाच उभा राहत होता. मला एकदम कंटाळा आला, चतुराईचा आणि पळवाटांचा. म्हटलं सरळ सांगून टाकावं.

"अत्ते, हा रोज सकाळी उठून तुमचा श्वास चालू आहे का ते बघतो. मग तोंड धुतो. दुकानात लक्ष नाही, जेवण अंगी लागत नाही. तुम्ही दिलेली वर्षं हा तुमच्या दारात उभा राहून काढतोय. तुम्ही गेलात की आणखी बिघडेल, कारण मग हा म्हणेल, माझ्यामुळे गेली. मरेपर्यंत म्हणेल. हे दिलंत तुम्ही त्याला."

अत्ते मागे वळल्या. वळायला त्यांना हल्ली वेळ लागत होता.

"होय काय रे?"

तो रिकाम्या डब्याकडे बघत होता. "होय."

"मला वाटलं, सकाळचा कॉफीसाठीं डोकावतोस."

"कॉफी ही करते. तूं कुठे करतेस आता."

"भय वाटतं तुला?"

तो पंच्याचं टोक पिळत राहिला. दुकानात गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करणारा माणूस. शेवटी म्हणाला, "वाटतं."

"पावम्," अत्ते म्हणाल्या. बिचारा, या अर्थी तमिळ आणि या घरातलं मराठी, दोन्हींत एकच शब्द आहे. मग त्यांनी हात वर करून त्याच्या टकलावरून फिरवला. हाताला तेल होतं, ते तिथे लागलं. तो तसाच उभा राहिला.

प्रदक्षिणा घालून आम्ही बाहेरच्या मंडपात बसलो. अत्ते बराच वेळ खांबाला टेकून होत्या. श्वास लागला होता, शिवाय विचार चालू होता. एखादं गिऱ्हाईक सही करायच्या बेतात असतं तेव्हा तोंड उघडू नये, हे मला कळतं.

"गोळ्या आणल्यास?" त्यांनी विचारलं.

माझ्या पिशवीत त्या नेहमी असतात. सकाळच्या दोन होत्या. त्यांनी घेतल्या, घोट घेऊन गिळल्या आणि तोंड वाईट केलं.

"दिल्हें तें दिल्हेंच," त्या मला म्हणाल्या. "परत घेतलं असं समजूं नको. तो भितो, म्हणून थांबते. देवाला सांगितलंय, सावकाश ये, घरात भित्रं माणूस आहे."

"बरं," मी म्हणाले. या वेळी मला नीट माहीत होतं, मी कशाला हो म्हणतेय.

पायांची सूज उतरायला उन्हाळा अर्धा गेला. पुरती उतरली नाही, पण त्या आता केळीपर्यंत न थांबता जातात. बरणीतल्या जुन्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी फेकून द्यायला लावल्या, त्याचं दुःख अत्तेंना अजून आहे. वाध्यार भेटले की विचारतात, त्या बाईचं काय झालं. मी सांगते, चाललंय.

मला वाटलं होतं इथे सगळं शांत होईल. नवऱ्याचं तोंड धुणं परत आधी व्हायला लागलं, वजन भरलं, झोप लागली. पण अत्तेंना आता नवीनच विषय मिळाला. वर्षं त्यांनी दिलीत, तेव्हा ती कशी वापरली जातात हे बघायचा त्यांना हक्क आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी दुकान बंद करून तो आला की ओसरीवर विचारणा होते.

"आज काय केलंस?"

"दुकानात होतो."

"तें काल पण होतास. नवीन काय केलंस?"

सुरुवातीला तो हसण्यावारी नेई. मग एक दिवस सांगण्यासारखं काही असावं म्हणून पहाटे नदीकाठाने चालून आला. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याला डोळ्यांच्या तपासणीला नेऊन आणलं. बाजारातून पहिल्यांदाच भाजी आणली, वांगी किडकी निघाली, पण अत्तेंनी ती हिशोबात धरली. आता एकादशीच्या भजनाला तो त्यांच्याबरोबर जाऊन बसतो. चार पदं पाठ झालीत, सुरात मात्र एकही नाही. लोक दुसऱ्याचा जीव वाचवून निघून जातात, ते किती सोयीचं आहे, असं तो मला एकदा म्हणाला. वाचवणारी मागे राहून रोज चौकशी करते, हे जड जातं.

गेल्या रविवारी क्रिकेटचा सामना होता. तो दुपारचा जेवून कोचावर आडवा झाला होता. अत्ते आतून आल्या, पदराने हात पुसत, पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"हें किती वेळ चालतं?"

"संध्याकाळपर्यंत."

"माझ्या वर्षांतला अख्खा दिवस तूं या चेंडूला देणार?"

तो उठला. चपला घातल्या आणि तिरुवलंचुळीच्या रस्त्याला एक माणूस जुने दिवे विकतो म्हणतात, ते बघून येतो म्हणून बाहेर पडला. अत्ते त्याच्या जागी टेकल्या, पाय वर घेतले आणि मला विचारलं, यांतले आपले कोणते.

मी निळ्या कपड्यातले दाखवले आणि आवाज थोडा वाढवला. मला कोणी वर्षं दिलेली नाहीत, त्यामुळे मी शेवटपर्यंत बघितला.